गल्ल्यात ठेवलेली अमानत

कुंभार्ली घाटाच्या पायथ्याशी वसलेल्या पोफळीची ओळख साऱ्या महाराष्ट्राला आहे ती कोयनेच्या विजेमुळे. १९६० च्या दशकात डोंगराच्या पोटातील वीजगृहात यंत्रे फिरू लागली आणि चिपळूण तालुक्याच्या या टोकाला महिन्याच्या महिन्याला येणारा पगार पहिल्यांदा दिसला. त्याआधीही मुंबईची मनीऑर्डर होती, पुढे आखाताचा ड्राफ्ट आला, आणि आता सरकारी योजनांची रक्कम थेट बँक खात्यात पडते. पोफळी, शिरगाव, अलोरे या पट्ट्यात पैसा येण्याचे ओढे असे चार आहेत. परंतु हा पैसा ज्याच्या नावाने येतो त्याच्याच हातून खर्च होतो का, हा प्रश्न व्यापाराच्या पानावर सहसा कोणी विचारत नाही. आम्ही तो आज विचारतो, कारण त्याचे उत्तर पुष्कळदा आमच्याच वाचकांच्या दुकानात, त्यांच्या गल्ल्यात आणि उधारीच्या वहीत दडलेले असते.

गावात बँकेपेक्षा दुकान जवळ असते, आणि बँकेच्या साहेबापेक्षा दुकानदार ओळखीचा. म्हणून एखादी एकटी राहणारी वृद्ध खाला आपले पासबुक आणि एटीएम कार्ड किराणावाल्याकडे ठेवते. "बेटा, पैसे आले की काढून आण, माझा हिशेब तू बघ," एवढाच करार. एखादा सुतार किंवा गवंडी, ज्याला आपल्या हाताची सवय ठाऊक आहे, मजुरी मिळाली की अर्धी रक्कम शिंप्याच्या दुकानात ठेवून घरी जातो. ज्याचे मन काही महिने ठिकाणावर असते आणि काही महिने नसते अशा मुलाची आई दुकानदाराला सांगून ठेवते की याला १०० रुपयांच्या वर काही देऊ नका. आखातात असलेला मुलगा आईच्या खात्यावर पैसे पाठवतो आणि फोन करतो चाचाच्या दुकानात. यातला कोणताही व्यवहार कुठल्या कायद्याच्या पुस्तकात सापडणार नाही. तरीही लाखो दुबळ्या माणसांचा संसार अशाच व्यवहारावर चाललेला आहे, आणि बरेचसे दुकानदार तो इमानाने सांभाळतात, हेही आम्ही आधीच नमूद करतो.

अडचण इमानाची नाही, रचनेची आहे. जो माणूस दुसऱ्याचे पैसे सांभाळतो तोच त्याचा सावकार आणि तोच त्याला माल विकणारा असेल, तर त्याच्या नेकीवर ताण येणारच. हे समजण्यासाठी एक साधा हिशेब मांडून पाहू. समजा, एका निराधार खालाला संजय गांधी निराधार योजनेचे महिना १,५०० रुपये मिळतात (२०२३ मध्ये ही रक्कम १,००० वरून १,५०० झाली) आणि मुलगा मुंबईहून ३,००० पाठवतो. एकूण ४,५००. दुकानातली मागील बाकी ६,०००. दुकानदार कार्ड घेऊन जातो, ४,५०० काढतो आणि सगळे मागील बाकीत जमा करतो. हिशेब चोख आहे, एक पैसा खाल्लेला नाही. पण दुसऱ्या दिवसापासून खालाला पुन्हा उधारीवरच माल न्यावा लागतो आणि महिनाअखेरीस बाकी परत ६,००० च्या आसपास येऊन थांबते. लाईट बिल थकते, रक्तदाबाच्या गोळ्या अर्ध्या घेतल्या जातात, कारण त्या किराणा दुकानात मिळत नाहीत. वर्षभरात ५४,००० रुपये तिच्या नावाने आले आणि एकदाही तिच्या हातात पडले नाहीत. शिवाय दुसऱ्या दुकानात साखर दोन रुपयांनी स्वस्त असली तरी तिला तिकडे जाण्याची सोय उरलेली नाही. चोरी न करताही माणूस असा बांधला जातो.

आता हाच हिशेब दुसऱ्या प्रकारे मांडा. मागील बाकीत दरमहा फक्त ५०० रुपये. किराणा २,२०० चा, पण रोखीने. लाईट बिल ३००, औषधे ६००, आणि हातखर्चाला दर आठवड्याला २०० प्रमाणे ८००. बेरीज ४,४०० होते, १०० रुपये खात्यातच राहतात. मागील बाकी १२ महिन्यांत फिटते. दुकानदाराचे पैसे एका वर्षाने उशिरा आले, परंतु आले. आणि खालाचे औषध चालू राहिले. दुकानदाराच्या बाजूने पाहिले तरी पहिल्या पद्धतीत त्याचे ६,००० रुपये कायमचेच अडकलेले होते. उधारी कधीच न फिटणारे गिऱ्हाईक म्हणजे हमखास धंदा, असे मानणारे काही व्यापारी आहेत. आम्हाला ते हमखास नुकसान वाटते, कारण असे गिऱ्हाईक एक दिवस आजारी पडते आणि बाकी वहीतच राहते.

मग सांभाळण्याची ही जबाबदारी घेऊच नये काय? आमच्या ओळखीचे अनेक सावध व्यापारी हाच सल्ला देतात. दुसऱ्याच्या पैशाला हात लावू नका, उद्या नाव खराब होईल. सल्ला शहाणपणाचा दिसतो. पण तुम्ही नाही म्हटल्यावर खाला आपले कार्ड घेऊन कोणाकडे जाणार? बहुधा ज्याची नियत तुमच्यापेक्षा वाईट आहे त्याच्याकडे. व्यसनी कारागिराने तुमच्याकडे ठेवलेले अर्धे पैसे तुम्ही परत केले, तर ते घरी पोहोचतील याची खात्री कोण देतो?

आरोग्याच्या क्षेत्रात या पेचावर एक विचार गेली चाळीस वर्षे चाललेला आहे. १९८० च्या दशकात युरोपात एड्स पसरू लागला तेव्हा हॉलंड आणि इंग्लंडमधील काही शहरांनी नशेची सुई घेणाऱ्यांना स्वच्छ सुया देण्यास सुरुवात केली. नशा चांगली म्हणून नव्हे, तर नशा आज सुटत नसेल तर निदान रोग तरी होऊ नये म्हणून. या धोरणाला हानी कमी करण्याचे धोरण म्हणतात. माणूस आधी सुधारला तरच मदत, ही अट त्यात नसते. तो आज जसा आहे तसा धरून त्याचे आणि त्याच्या घरच्यांचे नुकसान आजच्यापेक्षा उद्या थोडे कमी कसे होईल, एवढेच पाहिले जाते. पैशाच्या बाबतीतही हेच लागू पडते. उधळ्या माणूस एका महिन्यात काटकसरी होत नाही, पण रेशन आणि भाडे आधी बाजूला पडले तर त्याच्या उधळेपणाची झळ मुलांच्या ताटापर्यंत पोहोचत नाही.

आमच्या काही वाचकांना हा विचार पाश्चात्त्य वाटेल. त्यांनी सूरह निसाची पाचवी आणि सहावी आयत काढून पाहावी. ज्यांना आपल्या मालाची समज नाही त्यांच्या हाती माल सोपवू नका, पण त्यातून त्यांना खाऊ घाला, कपडे द्या आणि त्यांच्याशी भल्या शब्दांत बोला, असा पाचव्या आयतीचा आशय आहे. आम्हाला त्यातला शेवटचा भाग फार महत्त्वाचा वाटतो. पैसे रोखून धरण्याच्या हुकुमासोबतच गोड बोलण्याचा हुकूम आहे. भर दुकानात चार गिऱ्हाइकांसमोर "तुझ्या हातात पैसे टिकत नाहीत, जा," म्हणणारा दुकानदार पहिला हुकूम पाळतो आणि दुसरा मोडतो. सहावी आयत यतिमांच्या मालाविषयी आहे. त्यांची परीक्षा घेत राहा, समज आली की माल परत करा, परत करताना साक्षीदार ठेवा. सांभाळणारा सधन असेल तर त्याने त्यातून काही घेऊ नये आणि गरीब असेल तर रीतीप्रमाणे घ्यावे, असे तेथे सांगितले आहे. सांभाळणाराही माणूसच आहे, त्याला मोह होणार, हे गृहीत धरून केलेली ही व्यवस्था आहे.

प्रौढ पण उधळ्या माणसाच्या व्यवहारावर बंदी घालावी की नाही, यावर फिकहच्या इमामांमध्ये मतभेद आहेत, आणि ते आजच्या व्यापाऱ्याने समजून घेण्यासारखे आहेत. कोकणातील मुसलमान बहुतांशी शाफई. शाफई मजहबमध्ये काजी अशा माणसावर बंदी घालू शकतो. इमाम अबू हनीफा यांचे मत वेगळे होते. शहाण्या वयाच्या स्वतंत्र माणसाचा व्यवहाराचा हक्क काढून घेणे म्हणजे त्याचे माणूसपण कमी करणे, आणि हे नुकसान पैशाच्या नुकसानीपेक्षा मोठे आहे, असे त्यांचे म्हणणे होते. त्यांचेच शिष्य अबू यूसुफ आणि मुहम्मद यांनी मात्र बंदीला मान्यता दिली. एकाच घराण्यातील गुरू आणि शिष्य येथे दोन बाजूंना उभे आहेत, यावरून प्रश्न किती अवघड आहे ते कळावे. शिवाय ज्यांनी बंदी मान्य केली त्यांपैकी बहुतेकांनी ती काजीच्या हाती ठेवली. शेजाऱ्याच्या, मेव्हण्याच्या किंवा दुकानदाराच्या हाती नाही. म्हणून आमचे मत असे की दुकानदाराने कोणाच्या पैशावर बंदी घालू नये. ज्याचे पैसे आहेत त्याने मागितले तर ते द्यावेच लागतात. त्याआधी, तो शांत असताना, त्याच्याच संमतीने ठरलेली रीत तेवढी त्याला आठवण करून देता येते. "मंगळवारी २०० घ्यायचे असे आपले ठरले होते, आज रविवार आहे, तरी हवेत का?" एवढे विचारणे हा हक्क आहे. "देणार नाही" म्हणणे हा हक्क नाही.

या बाबतीत अमेरिकेचा एक अनुभव बोधक आहे. तेथे सरकारी भत्ता घेणाऱ्या ज्या माणसाला पैसा सांभाळता येत नाही त्याच्यासाठी प्रतिनिधी नेमतात आणि भत्ता त्या प्रतिनिधीकडे जातो. १९७० च्या दशकापासून व्यसनामुळे अपंग ठरलेल्यांना ही पद्धत सक्तीची होती. हेतू चांगला होता. पण प्रतिनिधी कोण, याकडे पुरेसे लक्ष दिले गेले नाही, आणि १९९० च्या दशकात चौकशी झाली तेव्हा काही ठिकाणी दारूच्या गुत्त्याचा मालकच आपल्या गिऱ्हाइकांचा प्रतिनिधी निघाला. भत्ता आला की गुत्त्याच्या खात्यात जमा! यावर गदारोळ झाला आणि १९९६ मध्ये कायदा करून केवळ व्यसनाच्या कारणावर मिळणारा भत्ताच बंद करण्यात आला. सांभाळणारा चुकीचा निवडला म्हणून मदतच गेली. गुत्तेवाला आणि आपला किराणावाला यांची बरोबरी आम्ही करीत नाही. पण ज्याला बाकी यायची आहे त्याच्याकडेच चावी, ही गोष्ट दोन्हीकडे सारखीच आहे.

म्हणून आमची पहिली सूचना ही, की विकणारा आणि सांभाळणारा एक नसावा. गावात दोन चांगले दुकानदार असतील तर ज्याच्याकडे खालाची उधारी नाही त्याने तिचा हिशेब पाहावा. ते जमत नसेल तर मस्जिदीच्या जमातीतील एखादा निवृत्त शिक्षक किंवा वीजगृहातून निवृत्त झालेला कर्मचारी, ज्याला आकडेमोडीची सवय आहे आणि ज्याचे कोणाकडे येणे नाही, तो ही सेवा करू शकेल. पोफळीच्या परिसरात अशा निवृत्तांची वाण नाही. बायकांच्या हिशेबाला बाईच सांभाळणारी असेल तर अधिक बरे. २०२४ च्या ऑगस्टपासून लाडकी बहीण योजनेचे १,५०० रुपये बायकांच्या खात्यात येऊ लागले, पण खाते तिचे आणि कार्ड नवऱ्याच्या खिशात, असा प्रकार घराघरांत आहे. यावर बाहेरचा पुरुष बोलू लागला की भांडण वाढते. शेजारची आपा बोलली तर पुष्कळदा निभते.

दुसरी गोष्ट कार्ड आणि पिनची. येथे आम्ही कठोर आहोत. कोणाचेही एटीएम कार्ड आणि त्याचा पिन दोन्ही एकत्र आपल्याकडे ठेवू नये, कितीही विश्वास असो. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाप्रमाणे खातेदाराने स्वतः पिन दुसऱ्याला सांगितला आणि त्यातून पैसे गेले, तर बँकेला कळवेपर्यंतचे सारे नुकसान त्याचेच. म्हणजे उद्या कार्ड तुमच्या दुकानातून तिसऱ्याने पळवले, तर खालाचे पैसेही गेले आणि संशय तुमच्यावर. अंगठा लावून पैसे देणाऱ्या आधार यंत्राचेही तेच. अंगठा लावला की रक्कम किती टाकली हे न वाचता येणाऱ्याला कळत नाही. यंत्रातून निघणारी पावती मागणे, ती पासबुकात ठेवणे आणि महिन्यातून एकदा पासबुक भरून आणणे, एवढे सांभाळणाऱ्याने केले तरी अर्धी फसवणूक थांबते.

घरी बसून बँक व्यवहार करण्याच्या ज्या सोयी आहेत त्या आपल्या लोकांना माहीत नाहीत, आणि बँकाही त्यांचा डांगोरा पिटत नाहीत. ७० वर्षांवरील आणि अपंग किंवा आजारी खातेदारांना रोख रक्कम घरपोच देण्याची सोय करावी, असे रिझर्व्ह बँकेने ९ नोव्हेंबर २०१७ ला बँकांना सांगितलेले आहे. ज्याला सही करता येत नाही त्याच्या अंगठ्याची ओळख दोन स्वतंत्र साक्षीदारांनी द्यायची आणि त्यातला एक बँकेचा जबाबदार अधिकारी असावा, अशीही रीत आहे. माणूस बँकेत जाऊच शकत नसेल तर आपल्या वतीने रक्कम कोण घेऊन जाईल हे तो बँकेला सांगू शकतो, आणि त्याचीही ओळख साक्षीदार देतात. हा मार्ग लांबचा वाटतो, पण यात दुकानदाराच्या हाती पिन नसतो आणि बँकेच्या कागदावर त्याचे नाव उघडपणे असते. लपून केलेल्या उपकारापेक्षा उघडपणे केलेले काम दोघांनाही सुरक्षित ठेवते. संयुक्त खाते काढायचे असेल तर दोघांपैकी कोणीही काढू शकेल असे न काढता दोघांच्या सहीनेच चालेल असे काढावे. मुखत्यारपत्राचा सल्ला देणारे पुष्कळ भेटतात. पण कराराच्या कायद्याप्रमाणे मुखत्यारपत्र देणाऱ्याचे मन ठिकाणावर राहिले नाही की ते संपते, म्हणजे ज्या दिवशी गरज त्याच दिवशी ते निरुपयोगी. आणि २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात रुग्ण ज्या प्रतिनिधीचे नाव देतो तो उपचारापुरता असतो, त्याला पैशावर हक्क मिळत नाही. हे न कळल्याने काही नातेवाईक तो कागद दाखवून बँकेत भांडतात.

आता कायद्याची एक धोक्याची बाजू. पुष्कळ गावांत एखादा नेक व्यापारी १०-२० जणांचे पैसे आपल्याकडे ठेवतो आणि ते आपल्या भांडवलात मिसळतात. मागितले की देतो, व्याज घेत नाही, देत नाही. त्याला वाटते हे हलालही आहे आणि कायदेशीरही. परंतु २०१९ चा अनियंत्रित ठेव योजना बंदी कायदा ठेवीची व्याख्या करताना व्याजासह किंवा व्याजाविना असे दोन्ही धरतो. धंद्याच्या रीतीने लोकांकडून ठेवी गोळा करणे त्याच्या तडाख्यात येऊ शकते, आणि व्याज नव्हते हा बचाव तेथे चालणार नाही. शिवाय अमानत खर्चून टाकली आणि वेळेवर देता आली नाही, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१६ खाली विश्वासघाताचा गुन्हा आहे. हे कलम १ जुलै २०२४ पासून जुन्या दंडविधानाच्या जागी आले. २२ जुलै २०२१ च्या पुरात चिपळूणच्या बाजारपेठेतील दुकाने पाण्याखाली गेली. त्या वेळी सरकारने दुकानदारांना नुकसानीच्या ७५ टक्के किंवा कमाल ५०,००० रुपये आणि टपरीवाल्यांना १०,००० रुपये जाहीर केले. गल्ल्यातील किंवा कपाटातील दुसऱ्याची अमानत या हिशेबात कोठे बसते? म्हणून पैसा तिच्या खात्यातच राहू द्यावा. आपण सांभाळायचे ते वेळापत्रक आणि वही, रक्कम नव्हे. रोजच्या मजुरीतून बाजूला टाकायचे असेल तर नोंदणीकृत पतसंस्थेची पिग्मी आहे. दारात येऊन रोज थोडे थोडे गोळा करण्याची ही पद्धत १९२८ पासून, सिंडिकेट बँकेने दोन आण्यांवर सुरू केली तेव्हापासून, आपल्या किनाऱ्यावर रुजलेली आहे. व्याज नको असणाऱ्याने ते घेऊ नये, पण रक्कम तरी त्याच्या नावावर राहील.

दारू, मटका आणि मोबाईलवरचा जुगार यांचे काय? आमच्याकडे येणारा आक्षेप असा, की अशा माणसाला पैसे देणे म्हणजे गुनाहात भागीदार होणे. आक्षेप हलका नाही. तरी विचार करा. मजुरी त्याची आहे. ती देण्यास तुम्ही बांधलेले आहात, आणि मजुरी अडवणे हाही गुनाह आहे. त्याने स्वतः होऊन अर्धी तुमच्याकडे ठेवली, तर ती शुद्धीवर असताना घेतलेला त्याचाच निर्णय म्हणून तिला जपा. मालक असाल तर त्याच्या संमतीने मजुरी शनिवारी एकदम न देता दोन-तीन वेळा द्या, काही भाग सरळ बायकोच्या खात्यावर पाठवा, मुलाची फी सरळ शाळेत भरा. हातात एकदम ३,००० पडले की जी रात्र येते ती ५०० ला येत नाही. मोबाईलवर पैसे लावून खेळायच्या खेळांवर केंद्राने ऑगस्ट २०२५ मध्ये कायदा करून बंदी घातली, हे चांगले झाले. पण बंदीने सवय जात नाही आणि चोरवाटा राहतातच. ज्याला सवय आहे त्याच्या मोबाईलला जोडलेले खाते वेगळे, त्यात आठवड्यापुरतीच रक्कम, आणि पगाराचे खाते मोबाईलला न जोडलेले, एवढा बदल करता येतो. तो खेळेल, हरेलही. पण २०० हरेल, २०,००० नाही.

एकरकमी पैशाचा धोका याहून मोठा आहे. महामार्गाच्या जमिनीचा मोबदला, निवृत्तीची रक्कम, आखातातील अपघाताची भरपाई, असे पैसे आले की गावात नातेवाईक उगवतात आणि हलाल नफ्याच्या योजना घेऊन माणसे फिरू लागतात. २०१८ मध्ये हीरा गोल्ड आणि जून २०१९ मध्ये बंगळूरची आयएमए यांचे काय झाले ते आमच्या वाचकांना सांगायला नको. दाढी, टोपी आणि हलालचा शिक्का पाहून विधवांनी दागिने मोडून पैसे लावले होते. अशी रक्कम आली की तीन महिने तिला हात न लावणे, ही आमच्या मते सर्वांत स्वस्त खबरदारी आहे. ती खात्यात राहू द्यावी आणि कोणाच्याही योजनेला "आमच्या जमातीला विचारून सांगते," एवढेच उत्तर द्यावे. म्हातारपणी सेवा करू म्हणून घर किंवा जमीन लिहून घेतली आणि सेवा केली नाही, तर २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ खाली ते बक्षीसपत्र रद्द करून मागता येते. पण सेवेची अट कागदात लिहिलेली असावी. आपल्याकडे ती लिहिताना लाज वाटते.

कर्जात बुडालेल्याला मदत करताना आधी सगळी देणी एका कागदावर आणा. खासगी सावकार शेकडा महिना ५ रुपये म्हणतो तेव्हा ते वर्षाला ६० टक्के होतात. महाराष्ट्राच्या २०१४ च्या सावकारी कायद्याखाली शेतकरी नसलेल्याला विनातारण कर्जाचा दर १८ टक्के ठरलेला आहे आणि परवान्याविना सावकारी हा गुन्हा आहे. गटातून कर्ज देणाऱ्या कंपन्यांच्या वसुलीवाल्याने सकाळी ९ च्या आधी आणि संध्याकाळी ६ नंतर दारात येऊ नये, आणि घरच्या सर्व कर्जांचे हप्ते मिळून घरच्या उत्पन्नाच्या निम्म्यावर जाऊ नयेत, असे रिझर्व्ह बँकेचे मार्च २०२२ चे निर्देश आहेत. एक हप्ता भरायला दुसरे कर्ज काढून देणारा मित्र हा मित्र नव्हे. जमातीच्या बैतुलमालमधून कर्ज-ए-हसना द्यायचे असेल तर ते सर्वांत महागड्या कर्जाला लावावे, आणि ज्याला फेडणे शक्यच नाही त्याला कर्ज न देता जकातीतून द्यावे. कर्जदार हा जकातीच्या आठ हकदारांपैकी एक आहेच. न फिटणारे कर्ज देऊन नंतर त्याला मस्जिदीत यायला लाजवणे, यात कोणाचे भले झाले?

आता वहीविषयी. सांभाळणाऱ्याने प्रत्येकासाठी वेगळी लहान वही ठेवावी, दुकानाच्या खतावणीत तिचा हिशेब मिसळू नये. तारीख, रक्कम, कशासाठी, आणि समोर तिचा अंगठा किंवा सही. दोन प्रती असतील तर एक तिच्या घरी राहावी. वाचता येत नसेल तर तिच्या नातवाला किंवा शेजारच्या शाळकरी मुलीला महिन्यातून एकदा मोठ्याने वाचायला सांगावे. तिने विचारल्यावर राग मानू नये. "माझ्यावर विश्वास नाही काय?" हा प्रश्न सांभाळणाऱ्याने कधीही विचारू नये, त्यानेच माणसे हिशेब विचारायची थांबतात. तिचे पैसे किती आणि ती कशावर खर्च करते, हे दुकानात गप्पांचा विषय होता कामा नये. आणि दर सहा महिन्यांनी तिला विचारावे की ही व्यवस्था अजून हवी आहे का, की काही भाग आता तूच पाहशील. काहींना फक्त पहिला धक्का बसल्यानंतरचे सहा महिने मदत लागते, नवरा वारल्यावर किंवा आजारपणानंतर. त्यांना कायम धरून ठेवण्याचे कारण नाही.

राहिली एक गोष्ट, जी बोलायला अवघड आहे. सांभाळणाराही मरतो. दुकानदार अचानक गेला की मुलांना कपाटात तीन पासबुके, एक अंगठी आणि रबराने बांधलेल्या नोटा सापडतात, आणि कोणाचे काय हे कोणालाच ठाऊक नसते. मग वारसा वाटताना ते सारे तरक्यात जाते आणि खाला दारात येऊन रडते. ज्याच्याकडे कोणाचीही वस्तू आहे त्याने आजच प्रत्येक पाकिटावर नाव, रक्कम आणि तारीख लिहावी, आणि घरातील एका माणसाला आणि जमातीतील एकाला ते पाकीट कोठे आहे हे सांगून ठेवावे.